उपासाचं बोर

माझा धाकटा नातू मागच्या हिवाळ्यात मित्रांबरोबर उत्तरेत जाऊन बर्फाचा डोंगर चढून आला, आणि आल्या आल्या फोटोंचा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकून म्हणाला, "आजी, असं तू जन्मात पाहिलं नसशील." फोटो सगळे एकासारखे एक. खाली पांढरं, वर निळं, मध्ये कानटोप्या घातलेली पाच पोरं दात काढून उभी. मी म्हटलं, "पाह्यलं हाय बाबू. चढली बी हाओ. अनवाणी." सून स्वयंपाकघरात हसली. तिला वाटलं, म्हातारी आता भरकटायला लागली. वाशीमकडे कुठून आला बर्फाचा डोंगर? मी वाद घातला नाही. वाद घालायचा तर सगळी हकीकत सांगावी लागली असती, आणि ती मी मायशिवाय इतक्या वर्षांत कोणाला सांगितलेली नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आता लिहून ठेवते. लिहिताना एक बरं असतं, मध्येच कोणी "मग तू काय केलंस" असं विचारत नाही.

आमचं गाव शिरपूरच्या अंगाला. शिरपूरच्या जैन देवळाला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या बैलगाड्या गावाबाहेरच्या वाटेनं जायच्या आणि बैलांच्या घुंगरांचा आवाज थेट आमच्या चुलीपाशी यायचा. घर दोन खणांचं, मातीचं. बा, माय, मी आणि माझ्या पाठचे दोन भाऊ. हिवाळ्यात पहाटे जात्याची घरघर सुरू झाली की मी गोधडीतून निघून मायच्या मांडीला टेकून बसायची. जात्याजवळ ऊब असायची आणि ताज्या पिठाचा वास. न्याहारीला ज्वारीच्या कण्या आणि ताक. दुपारी भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा, आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची आमटी. ती आमटी मायसारखी पुन्हा कुठे खाल्ली नाही. माझी सून चांगली करते, पण ती त्यात टमाटे घालते आणि मी गप्प बसते. सांगायची गोष्ट अशी की हिवाळा हा आमच्या घरचा सुखाचा काळ होता, आणि म्हणूनच तो भीतीचाही होता. हरभरा घाट्यावर, गहू ओंबीवर, तूर कापणीला आलेली. सगळं वावरात उभं आणि घरात अजून काहीच नाही. अशा दिवसांत सकाळी आभाळ आलेलं दिसलं की माय हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि बराच वेळ वर पाहत उभी राहायची. गारेचा पहिला दाणा पडला की ती विळा अंगणात फेकायची, गार थांबावी म्हणून. थांबायची की नाही ते मला आठवत नाही, विळा फेकतानाचा तिचा चेहरा आठवतो.

विळा हा घरोघरचा उपाय झाला. अख्ख्या गावाचा उपाय म्हणजे भिवानाथ. आजच्या पोरांना गारपगारी म्हणजे काय ते सांगावं लागेल. गावाची गार अडवायची ज्याच्याकडे पिढीजात जिम्मेदारी, तो गारपगारी. सुतारानं तिफण करावी, लोहारानं फाळाला धार लावावी, तसं यानं हिवाळ्यात आभाळ आलं की डोंगरावर जायचं, शिंग फुंकायचं, आणि गारेला दुसरी वाट दाखवायची. त्याबद्दल प्रत्येकाच्या खळ्यावरून त्याला सुपडंभर धान्य. गार पडली नाही तर सुपडं शीग लावून; पडली तर त्या साली त्यानं खळ्याकडे फिरकायचंही नाही. भिवानाथ उंच, हडकुळा आणि फार कमी बोलणारा माणूस. डोंगरावरून उतरला की बायका त्याच्या पायावर पाणी घालायच्या, आणि तो अवघडून "पुरे माय, पुरे" म्हणत घराकडे पळायचा. बायको त्याची बाळंतपणात गेली होती. घरात तो आणि गोदी. गोदी माझ्याच वयाची, बारा-तेरा वर्षांची, आणि माझी जिवाची मैत्रीण. तिसरी आमच्यात यमुनी. यमुनी भित्री आणि तोंडाळ, दोन्ही एकदम. लाकडं वेचायला, पाण्याला, कपाशीच्या वेचणीला आम्ही तिघी एकत्र. एकीला हाक मारली की तिघी यायच्या, अशी माय तक्रार करायची.

त्या दिवशी सकाळी मी शेण टाकून परत येत होते तर गोदी आमच्या कुंपणाशी उभी. हातात कापडात गुंडाळलेलं काहीतरी. वर आभाळ भरलेलं, वारा पडलेला, आणि थंडीच्या दिवसात चमत्कारिक उबारा सुटलेला. भिवानाथाला चार दिवस ताप होता, छाती भरली होती, हे गावाला ठाऊक होतं. गोदी म्हणाली, "बा सकाऊन उठाले गेला अन् दारातच पडला. म्हणे, गोदे, तूच जाय."

"कुठी?"

तिनं कापड थोडं बाजूला केलं. आत शिंग होतं.

बाईमाणूस शिंगाला हात लावत नाही हे मलाही माहीत होतं. गोदी म्हणाली, "बाच म्हणे, घरात कोणी नसन त चालते. पण गावात सांगू नको म्हणे. मले एकटीले भेव लागते वं, सुभे. वरतं तडस राह्यते." मग यमुनीला घेतलं, कारण तिला न घेता जाणं म्हणजे गावभर दवंडी पिटण्यासारखं होतं. मायला सांगितलं, बोरं अन् काड्या वेचायला जातो. माय आभाळाकडे पाहत होती. माझ्याकडे न पाहताच "लवकर येजा" म्हणाली.

आमचा डोंगर म्हणजे सह्याद्रीतल्या माणसाला हसू येईल एवढाच. पण बारा वर्षांच्या अनवाणी पायांना तो पुरेसा होता. खाली बोरीबाभळीचं रान, मग उतारावर कुसळी गवत, मग काळा खडक, आणि माथ्यावर शेंदूर लावलेला एक दगड. भिवानाथ त्याला मारुती म्हणायचा. चढताना पहिल्यांदा आम्हाला मजाच वाटत होती. यमुनी तडसाचा आवाज काढून दाखवत होती आणि स्वतःच दचकत होती. मी पदरात बोरं जमवत होते, आमच्या डोंगराची बारकी, आंबटगोड, कातडी सुरकुतलेली. गोदी मात्र पुढे पुढे, मान खाली घालून. तिला बापानं सांगितलं होतं तेवढं ती पुटपुटत होती. मारुतीपाशी उभं राहायचं, तीनदा शिंग फुंकायचं, आभाळाला हात करून वाट दाखवायची. आणि आभाळ पांगेपर्यंत पोटात काही घालायचं नाही.

अर्ध्या वाटेवर ती मटकन खाली बसली. तोंड पांढरं पडलेलं. रात्री बापाच्या उशापाशी बसून होती, घरात चूल पेटली नव्हती, म्हणजे काल दुपारपासून उपाशीच. "गरगर करून राह्यलं," म्हणाली. यमुनी रडायलाच लागली. मी घरातली मोठी मुलगी, मला अशा वेळी उपाय सुचल्याशिवाय राहत नाही. तो माझा दोष अजून गेला नाही. माझ्या मायचे एकादशी, चतुर्थी, शिवरात्र सगळे उपास मी पाहिलेले. उपासाला काय चालतं आणि काय नाही याची मोठी जाणती होते मी. म्हटलं, "बोर खाय."

"बा म्हणे, काहीच नाई."

"अवं, बोर म्हणजे काय भाकर हाय का? फयं उपासाले चालते. माही माय एकादशीले खाते. शिवरात्रीले त देवालेच बोरं वायते."

"सच्ची?"

"सच्ची."

मीच एक पिकलेलं निवडलं, पदराला पुसलं आणि तिच्या हातात दिलं. तिनं ते खाल्लं. बी थुंकली नाही, गालात धरून ठेवली बराच वेळ, चोखत. एकच बोर. दुसरं मी दिलं ते तिनं घेतलं नाही. पण चेहऱ्यावर थोडा रंग आला, आणि मला माझ्या शहाणपणाचा अभिमान वाटला. खोटं कशाला लिहू, फार वाटला.

माथ्यावर पोचलो तेव्हा वायव्येकडून आभाळ खाली उतरत होतं. त्याचा रंग मी तसा कधी पाहिला नव्हता, काळ्यात हिरवट झाक. खाली आमचं गाव, मारुतीचं देऊळ, विहीर, बाची तूर, हरभऱ्याचे हिरवे तुकडे, सगळं एवढं एवढंसं आणि नीटनेटकं दिसत होतं. गोदीनं शिंग तोंडाला लावलं. आवाज निघाला नाही, नुसती हवा. पुन्हा फुंकलं. यावेळी जो आवाज निघाला तो ऐकून यमुनी फिसकन हसली आणि मग मीही. गोदीनं आमच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "हासू नका वं," म्हणाली, "आता हासू नका." तिनं पाय रोवले, गालात हवा भरली, आणि तिसऱ्यांदा शिंग वाजलं. खरंच वाजलं. भिवानाथाचं वाजायचं तसं, लांब, जाड, पोटातून. दरीतून तो आवाज परत आला. गोदीनं उजवा हात वर करून पूर्वेकडे दाखवला, जा म्हणून. आणि तिच्या त्या वर केलेल्या हातावर पहिली गार पडली.

पुढचं सगळं फार वेळ चाललं असं मला वाटतं, पण नसेल. मारुतीच्या मागे खडकाची एक कपार होती, तिच्यात आम्ही तिघी एकमेकींना चिकटून बसलो. आवळ्याएवढ्या गारा. कानात दुसरा काही आवाज नाही. गोदी दोनदा उठून बाहेर गेली, हात वर करून उभी राहिली, दोनदा मी तिला केसांना धरून आत ओढली. तिच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. "वाजवू दे वं मले," ती ओरडत होती, आणि शिंग कुठे तर तिच्याच पोटाशी धरलेलं. खाली गाव दिसत नव्हतं. काहीच दिसत नव्हतं. आपल्या बाचं वावर आपल्या डोळ्यांसमोर झोडपलं जातं आहे एवढं कळत होतं, आणि हातून होण्यासारखं काही नाही. मी मायचा विळा आठवत होते. तिनं तो फेकला असेल.

मग एकदम थांबलं. आम्ही कपारीतून बाहेर आलो, आणि आता जे लिहायचं त्याची मला आजही लाज वाटते. सगळा डोंगर पांढरा झाला होता. खडक पांढरा, गवत पांढरं, मारुतीच्या डोक्यावर पांढरं, खाली उतारभर पांढरं आणि वावरांमध्येही. पश्चिमेकडे आभाळ उघडलं होतं, त्यातून ऊन पडलं आणि ते सगळं चमकायला लागलं. मला तो डोंगर फार सुंदर दिसला. मी वाकून ओंजळभर गारा उचलल्या आणि एक तोंडात टाकली. पाय बधिर झाले होते तरी चारदोन पावलं नुसती चालून पाहिली, पायाखाली कर्रकर्र वाजतं म्हणून. नातवाच्या फोटोत ती पोरं जशी दात काढून उभी आहेत, तशी मी त्या डोंगरावर क्षणभर उभी होते. मग मागे वळून पाहिलं. गोदी मारुतीपुढे बसली होती आणि गालातली बोराची बी हातावर काढून तिच्याकडे पाहत होती. ती बी तिनं इतका वेळ तोंडातच ठेवली होती.

उतरताना पाय घसरत होते, बसत बसत उतरलो. वाटेत मेलेले होले आणि पोपट पडले होते. पायथ्याशी आल्यावर गोदीनं शिंग लुगड्यात लपवलं आणि म्हणाली, "बोराचं कोणाले सांगू नका." मला वाटलं ती स्वतःला वाचवते आहे. तेव्हा मला तसंच वाटलं.

घरी बा ओट्यावर बसला होता, वावरातून आलेला. त्याच्या हातात हरभऱ्याचं एक झाड होतं, मुळासकट, त्याला एक पान नव्हतं. माय म्हणाली, "घाटाही नाई राह्यला का?" बानं झाड तिच्याकडे दिलं. ती ते उलटसुलट करून पाहत राहिली. मी तिच्या कानाशी जाऊन सगळं सांगितलं. डोंगर, शिंग, बोर. तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला हरभऱ्याच्या झाडावरची आंबट आंब होती, ती माझ्या ओठांना झोंबली. "हे पुन्हा तोंडातून काढजो नको," ती म्हणाली. "त्या पोरीले गावात ठेवणार नाईत. अन् तुले बी."

दिवस मावळायच्या आत सगळे पुरुष भिवानाथाच्या अंगणात जमले. मी बाच्या मागे, त्याच्या धोतराचा सोगा धरून. भिवानाथाला धरून खाटेवर बसवलं होतं, अंगावर घोंगडी. मारामारी, शिव्या असं काही झालं नाही. तसं झालं असतं तर बरं, असं मला नंतर कितीदा वाटलं. पाटील वयस्कर होते, त्यांनी हळूच विचारलं, "भिवानाथ, डोंगरावर गेल्ते का तुमी?"

"नाई गेलो."

"शिंग ऐकू आलं म्हणते कोणी कोणी."

भिवानाथानं गोदीकडे पाहिलं. ती दारात उभी होती, केस ओले, कपाळावर टेंगूळ. सगळ्यांनी जरा नीट पाहिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. तो म्हणाला, "वारा असन. मी झोपलो होतो."

एक म्हातारा म्हणाला, "ताप होता त कोणाले सांगावं तरी. शेजारच्या गावाचा गारपगारी आणला असता."

"हो," भिवानाथ म्हणाला. "चुकलं."

त्याला बोराचं माहीत होतं, हे मला मागाहून कळलं. गोदीनं घरात शिरल्या शिरल्या सांगितलं होतं, मी बोर खाल्लं म्हणून. कोणी दिलं ते सांगितलं नव्हतं. मी बोलले असते तर गोदीवर आणि माझ्यावरही आलं असतं, गप्प बसले तर तिच्या बापावर येत होतं, आणि मी सुटत होते. मी सोगा घट्ट धरून उभी राहिले. माझ्या तोंडाला अजून आंब झोंबत होती. एकेक माणूस उठून गेला. कोणी त्याला राम राम केला नाही. बानंही नाही.

त्या वर्षी कोणाच्या खळ्यावर काही नव्हतंच, त्यामुळे सुपडं बंद झालं हे कळायलाही वेळ लागला. पण कळलं. बायका पाण्याला गोदी दिसली की बोलणं थांबवायच्या. पाडव्याच्या आधी ती दोघं गाव सोडून मंगरूळकडे तिच्या मामाच्या गावी गेली. यमुनी वेशीपर्यंत गेली होती. मी गेले नाही. पोटात दुखतंय म्हणून झोपून राहिले. यमुनीनं येऊन सांगितलं, भिवानाथानं शिंग गावातल्या मारुतीच्या देवळात खुंटीला टांगून ठेवलं. ते पुढे बरीच वर्षं तिथेच होतं, त्यात चिमण्या घर करायच्या. दुसरा गारपगारी गावानं कधी ठेवला नाही. गार कधी पडते, कधी पडत नाही. भिवानाथ दोन वर्षांत वारला असं कानावर आलं.

गोदी मला पुन्हा भेटली ती केस पिकल्यावर. शेलूबाजारच्या बाजारात, बोरं विकणाऱ्या बाईच्या टोपलीपाशी मी भाव करत होते आणि पलीकडे एक उंच, हडकुळी म्हातारी उभी. उभं राहण्याची ती तऱ्हा मी हजारांत ओळखली असती. तिनंही ओळखलं. तिथेच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. मुलं, सुना, गुडघे, मोतीबिंदू सगळं बोलून झालं. मी पावशेर बोरं घेतली होती, तिच्यापुढे धरली. तिनं मान हलवली. "मी नाई खात," म्हणाली. "तवापासून नाई."

इतक्या वर्षांचं माझ्या तोंडाशी आलं. म्हटलं, "गोदे, येडी का तू? गार पडायचीच होती वं. आभाय किती आलं होतं. बोराचा अन् गारेचा काय संबंध?"

"मले मालूम हाय," ती म्हणाली. अगदी शांतपणे. "माहा नातू कालेजात शिकते, त्यानं सांगतलं गार कशी होते थे. पण सुभे, बोरानं नसन पडली, त मंग शिंगानं कधी थांबली बी नसन. मंग माहा बाप जलमभर उपाशीपोटी त्या डोंगरावर काय करून राह्यला होता?"

तिनं माझ्या हातातली पुडी घडी घालून बंद केली आणि माझ्याच पिशवीत ठेवली. म्हणाली, "राहू दे. बोरानंच पडली म्हण."

मी म्हटलं, "हो वं. बोरानंच पडली. अन् मीच देलं होतं थे."

त्या दिवशी त्या अंगणात जे माझ्या तोंडातून निघालं नाही ते असं भर बाजारात निघालं. ऐकायला भिवानाथ नव्हता. गोदीनं माझा हात हातात घेतला, आणि तिच्या गावची जीप येईपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.